पलंगाखालचं मशीन

ता. ४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र. परीक्षा संपली. नोकरी मिळाली आहे. होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा आहे.

विद्यार्थ्यांना स्वतःचा धंदा का काढावासा वाटतो, यावर संशोधन करणाऱ्या एक बाई काल कॉलेजात आल्या होत्या. कुणी म्हणालं स्वातंत्र्य, कुणी म्हणालं मित्रांचं बघून. एकाला डोक्यावर साहेब नको होता. त्याने गिऱ्हाईक पाहिलेलं नसावं. मी सांगितलं, वडिलांचं जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं, ते बंद पडलं. बाई म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला धंदा नकोच असणार. मी म्हटलं, तेच दुकान काढायचंय. त्यांचं पेन थांबलं.

तुमचं मत कळवावं. आईला नमस्कार. विषय बदललात तरी लोभ बदलू नये.

आपली,
मोजपट्टी

ता. १० जून

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

डोकं ठिकाणावर आहे ना? गुपचूप नोकरी धर. दुकान म्हणजे काय ते ऐक, म्हणजे खूळ उतरेल. गिऱ्हाईक मोटर आधी घरी उघडतं, मग आपल्याकडे आणतं. म्हणून त्याच्यासमोर स्क्रू मोजल्याशिवाय ती ताब्यात घ्यायची नाही. जुनी तार काढताना वेढे आपण मोजायचे, नवी तेवढ्याच वेढ्यांची लागते; लहानपणी ते तू मोजायचीस, त्यावरूनच तुझं मोजपट्टी नाव पडलं. नव्या तारेवरचं वार्निश पूर्ण वाळल्याशिवाय मोटर द्यायची नाही, माणूस दारात ठाण मांडून बसला तरी. गिरणीवाल्याचं काम सगळ्यांच्या आधी; त्याच्या दारात रांग लागते आणि रांगेत आपला उद्धार होतो. असली कटकट जन्मभर!

आई म्हणते, तिला घाबरवायला बसलात की शिकवायला? घाबरवतोच आहे.

आणि तार गुंडाळायचं मशीन मी केव्हाच विकलं. विषय संपला. तब्येत सांभाळ.

तुझा,
बाबा

ता. १५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्यातला विरोध वगळला की कामाची पद्धत उरते. ती उतरवून दाराला चिकटवली आहे.

एक शंका. पत्राच्या कोपऱ्यावर तेलाचा अंगठा उमटला आहे. वास घेतला, खाण्याचं तेल नाही. विकलेल्या मशीनला तुम्ही तेल कशाला घालता?

नोकरीवाल्यांना अजून काहीच कळवलेलं नाही. तुम्ही आताही दुकान नको म्हणालात तर नोकरीला होकार देईन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. आईला नमस्कार.

आपली,
मोजपट्टी

ता. २१ जून

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

पलंगाखाली आहे. गंजू नये म्हणून तेल घालतो. भलता अर्थ काढू नये.

आईची तक्रार आहे की त्यापायी तिला तिथे केर काढता येत नाही. बाहेर ओढायला दोन माणसं लागतात. महिनाअखेरच्या आत ये. जुने कपडे घालून ये.

तुझा,
बाबा