चेरीच्या भरवशावरचा हिरो

१५ ऑक्टोबर
पायाचा अंगठा टमाट्यासारखा लाल. डॉक्टर म्हणाले युरिक ॲसिड, रोज गोळी घ्या, मटण-दारू बंद. गोळ्या म्हातारे खातात. पोंभुर्ण्याच्या आमच्या नाटक मंडळीत मी अजून हिरो आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, तिथे रात्री नाटक, त्यात माझा डान्स. मोबाईलवर आंबट चेरीच्या कॅप्सूल दिसल्या. परदेशी खेळाडू घेतात म्हणे. मागवल्या. त्या येईपर्यंत गोळी.

२२ ऑक्टोबर
कॅप्सूल आल्या. सूज उतरते, झोप लागते, सगळे डब्यावर लिहिले आहे. डॉक्टर म्हणाले, हव्या तर घ्या, पण गोळी सोडू नका. धंद्याची काळजी, दुसरे काय. गोळी सोडली. बायको ज्योत्स्ना डब्यावरचे चित्र बघून म्हणाली, "हे तं केकवरचं फळ हाये. केक खाऊन कोनाचा पाय बरा झाला?" तिला सायन्स कळत नाही.

२९ ऑक्टोबर
अंगठ्याची सूज उतरली. चेरीच. आठवडाभर गोळी घेतली होती, ती धरायची नाही. तालमीत जरा लंगडलो, तर डायरेक्टर बापूराव म्हणाले, आदेशला तुझ्या स्टेप शिकवून ठेव. आदेश कालचा पोरगा. मला धनराजभाऊ म्हणतो, पाया पडतो. शिकवल्या. चुकीच्या शिकवल्या.

४ नोव्हेंबर
शेजारच्या गावाची मंडई. आमची उद्या, नाटकासकट. मंडईच्या पाहुण्याने ताट नाकारले तर घरधनी वर्षभर बोलत नाही. त्यात मी हिरो, घराघरातून बोलावणे. सगळीकडे मटण खाल्ले, एका घरी थोडी मोहाची दारूही. प्रत्येक ताटाआधी एक कॅप्सूल. चिंता नाही.

६ नोव्हेंबर
काल पायात बूट शिरेना. माझा कोट आदेशला. मला हिरोच्या लकवा झालेल्या बापाचा रोल, खाटेवर. शेवटी फक्त उठून मुलाला आशीर्वाद द्यायचा. आदेश माझ्या चुकीच्या स्टेप नाचला, वन्स मोअर घेतला. मला उठताच आले नाही. नाटकात नसलेले वाक्य निघून गेले, "पोरा, मले उठव." त्याने कवेत घेऊन उभे केले. बाया रडल्या. एवढ्या टाळ्या हिरो असताना कधी पडल्या नाहीत. फार वाईट वाटले. पडद्यामागे आदेश हळूच म्हणाला, "गोळी घेत जा, काका."

८ नोव्हेंबर
बापूराव येऊन गेले. सीझनभर बापाचा रोल माझा. ते वाक्य ठेवायचे, पाय बरा झाला तरी आपणहून उठायचे नाही.
ज्योत्स्नाने डॉक्टरची गोळी पुढे केली. घेतली. आता सूज उतरली काय अन् राहिली काय.