तुकडी ब ला काही सांगायचं नाही

कळसाडी, ता. शहादा
२४ नोव्हेंबर

तीर्थरूप हेमकांतमामांच्या पायांवर अमृतचं डोकं. (आशीर्वाद जरा जास्तीचा द्या, मागचा दिलेला संपला.)

मोहिनीमामींचा गुडघा कसा आहे? चिंचपाड्याला दवाखान्यात दाखवून आल्या, डॉक्टरांनी चढ-उतार करू नका म्हणून बजावलं आणि घरी येऊन त्या पहिल्यांदा माळ्यावर चढल्या, असं आईकडून समजलं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून अक्षर मोठं काढतोय, नाहीतर एवढ्या मोठ्या अक्षरात सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. प्रकाशा गावी घरी सगळे खुशाल. केळी बरी आहे, बाबा बरे आहेत. बिघडलोय तो मी एकटाच. तुम्ही निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रडायला मी तुमच्याकडेच येतो, कारण भौतिकशास्त्र नावाच्या खड्ड्यात मला सातवीच्या वर्गात तुम्हीच ढकललं. तुमच्या फळ्याचा तो उजवा कोपरा आठवतो का? उत्तर येत नसलेला प्रश्न तुम्ही तिथे लिहून ठेवायचे आणि खाली 'मला माहीत नाही' म्हणून सही करायचे. माझा 'केळीत बी का नसतं' हा प्रश्न तिथे पंधरा दिवस होता. मला वाटायचं, मोठेपणी असा कोपरा लागू नये म्हणून माणूस पीएच.डी. करत असेल.

तर ती पीएच.डी. तुम्हाला थोडी ठाऊक आहेच, पण पुन्हा सांगतो, कारण सांगताना तरी ती शहाणपणाची वाटते. आकाशातून वैश्विक किरण येतात. त्यातला एखादा अतिप्रचंड ऊर्जेचा असला की वर हवेत फुटतो आणि त्याच्या कणांची सर खाली येते. ती मोजायला मी कळसाडीत हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या बसवल्या. एक शाळेच्या स्लॅबवर, एक ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आणि एक गावातल्या रुखमाबाईंच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर. आत शुद्ध पाणी, ठार अंधार आणि वरून सोडलेली एक नाजूक काचेची नळी. कण पाण्यातून गेला की बारीकशी चमक होते, नळी ती टिपते, खालच्या पेटीवर आकडा पुढे सरकतो. तिन्ही टाक्यांत एकाच क्षणी चमक झाली तर समजायचं, मोठा पाहुणा आला. असा पाहुणा आठवड्यातून एखाद-दोनदा येतो. (माझे दोन्ही मार्गदर्शक त्याहून कमी.)

हो, मार्गदर्शक दोन. एक भौतिकशास्त्राचे सर, दुसऱ्या शिक्षणशास्त्राच्या बाई. कारण विषय अर्धा किरणांचा आणि अर्धा मुलांचा आहे: टाकीशेजारी बसवून शिकवलं तर मुलं जास्त शिकतात का. त्यासाठी नववीच्या दोन तुकड्या केल्या, अकरा-अकरा मुलांच्या. अ ला टाकीपाशी नेऊन तक्ते, मॉडेल, व्हिडिओ, सगळं करायचं. ब ला नुसतं पुस्तक. ब ला टाकीबद्दल चकार शब्द सांगायचा नाही, विचारलं तरी नाही. तसं मी आराखड्यात लिहून दिलंय, खाली सही आहे. शहाद्याचं कॉलेज सांभाळून गुरुवारी नि शनिवारी मी इथे येतो, अ समोर घसा फोडतो आणि ब समोरून मान खाली घालून जातो. डिसेंबरच्या एकतीस तारखेला माझ्या नोंदणीचं सातवं वर्ष संपतंय, मुदतवाढ दोनदा खाऊन झाली, आणि प्रबंध गेला नाही तर सगळं रद्द. कॉलेजातली कायम नेमणूकही त्यालाच टांगलेली आहे. इतपत गोष्ट सरळ आहे. आता पुढचं ऐका.

श्रावणात कानबाई आली, घरोघरी देवी बसायची वेळ झाली. कानबाईच्या आधी आपल्याकडे घर कसं धुऊन निघतं ते तुम्हाला सांगायला नको, गोधड्या नदीवर, भांडी अंगणात, भिंतींना चुना. मी भौतिकशास्त्रात एवढा बुडालेलो की ही गोष्ट माझ्या आराखड्यात कुठेच नव्हती. शनिवारी धाब्यावर चढतो तर टाकी आडवी, रिकामी, आतून नारळाच्या शेंड्यांनी घासून लखलखीत, आणि माझी काचेची नळी दोरीवर, रुखमाबाईंच्या लुगड्याशेजारी उन्हात लटकलेली. रुखमाबाई कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या. मी विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाल्या, "कानबाई येवानी शे नि घरमा सात महिनानं शियं पानी ठेवू का?" शिळ्या पाण्याच्या या मुद्द्यावर भौतिकशास्त्रात उत्तर नाही. देवाची एवढीच कृपा की ओल्या हाताला झटका नको म्हणून कोणीतरी आधी वीज बंद केली होती, नाहीतर नळी उन्हात जळूनच जाती. मामा, कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांशिवाय कोणाला देत नाहीत, मलाही दिले नाहीत, पण टाकीला हळदी-कुंकू लावून ती मात्र त्यांनी घरची करून घेतली होती.

दोन दिवसांनी, माझ्या माघारीच, टाकी पुन्हा भरली गेली, नळी आत गेली आणि चमत्कार झाला. रुखमाबाईंच्या टाकीचा आकडा पिसाटासारखा पळायला लागला. रोज सकाळी वाढायचा, दुपारी कळस, संध्याकाळी खाली. मी चार दिवस जेवलो नाही. सरांना कळवून बसलो की कळसाडीवर आकाशात नवा प्रबळ स्रोत दिसतोय, तो रोज पूर्वेला उगवतो नि पश्चिमेला मावळतो. सरांचं एका ओळीचं उत्तर आलं: त्याला सूर्य म्हणतात, झाकण तपासा. तपासलं, पण फट मला काही सापडली नाही. पाच आठवडे आकडे असेच आले, मग एका गुरुवारी आपोआप शहाण्यासारखे झाले. का झाले, कधी झाले, त्या पाच आठवड्यांतून सूर्य किती वजा करायचा, काही कळेना. वर्षाचा सगळा हिशेब त्या भोकाशी येऊन अडला.

दिवाळीआधी दोन्ही तुकड्यांची चाचणी घेतली. चाळीस गुण. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हींची सरासरी नऊ होती. आता अ ची आली सोळा. ब ची आली सत्तावीस. मी पेपर तीनदा तपासले. मामा, ज्यांना मी जूनपासून घसा कोरडा करून शिकवलं ते सोळा, आणि ज्यांना मी काहीच शिकवलं नाही ते सत्तावीस. यातून माझ्याबद्दल जो निष्कर्ष निघतो तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

ब मध्ये रुखमाबाईंची नात आहे, काजल. दोन वेण्या, आवाज खणखणीत, डोळ्याला डोळा देऊन बोलते. तिला बोलावून विचारलं, कोणी शिकवलं? ती म्हणाली, "कोनी नही सर. तुम्ही सांगू नका म्हनेत ना, मंग आम्हीच देखी लिधं." आणि काय काय पाहून घेतलं त्याची वही दप्तरातून काढून पुढे ठेवली. वीज बंद करणारी हीच. टाकी परत भरणारी हीच, आणखी पाच पोरी सोबतीला. पेटीवरचा आकडा वाढलेला बघून यांनी रोज दुपारी झाकणावर एक तास गोधडी घातली, एक तास काढली, आणि आकडे लिहिले. पाच आठवडे, एकही दिवस खाडा नाही. खाली लिहिलंय: 'गोधडी घातली की कमी, काढली की जास्त. म्हणजे जास्तीचं वरून येत नाही, झाकणातून येतं.' मग ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून फट बंद केली, तो गुरुवार. मी ती वही उभ्यानेच वाचली आणि मग खाली बसलो.

आता माझी अवस्था बघा. ही वही प्रबंधात घेतली तर किरणांचे आकडे वाचतात, कारण सूर्य किती वजा करायचा ते तिच्यात तासातासाचं आहे. पण मग कबूल करावं लागतं की ज्या तुकडीला काही कळू द्यायचं नव्हतं तीच टाकी चालवत होती, आणि शिक्षणाचा अर्धा भाग कोसळतो. वही लपवली तर शिक्षणाचा भाग उभा राहतो (माझी लाज काढत का होईना), पण किरण जातात. सर म्हणतील वही घ्या, बाई म्हणतील वही आलीच कुठून. आठ दिवस ती वही घेऊन मी शहादा-कळसाडी फिरतोय. मला रडू येतं, मामा, आणि अडतिसाव्या वर्षी बसमध्ये रडता येत नाही, ओळखीचे विद्यार्थी असतात.

मामींना नमस्कार. कुरडया पाठवू नका, इथे कोणाला भूक नाही.

तुमचा भाचा,
अमृत

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलं. आमच्या मार्गदर्शक बाई मूळच्या नवापूरच्या, तुमच्या हाताखाली शिकलेल्या, तुमचा शब्द खाली पडू देणार नाहीत. काजल धरून त्या सहा पोरी तेवढ्या मोजणीतून वगळायला परवानगी द्या, एवढं त्यांना सांगाल का? सहा जणी नव्हत्याच असं धरलं की ब ची सरासरी चौदावर येते. मी करून पाहिलंय.

दुसरा ता. क. वरचं वाचू नका. खोडणार होतो, पण मोठ्या अक्षरामुळे खोडायलाही वेळ लागतो. बाईंना काही सांगू नका. आज सकाळी वहीच्या दोन प्रती काढून दोघांना रजिस्टर पोस्टाने पाठवल्या, वर काजलचं पूर्ण नाव लिहिलं. सहा पोरी नव्हत्याच असं धरणं माझ्याच्याने होईना. प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो. आईला एवढ्यात सांगू नका, मी सांगेन.

तिसरा ता. क. मागायचं ते हे. वही देताना काजलने एकच प्रश्न विचारला, "सर, हाऊ सर्वास्मा मोठा किरण येस कोठेन?" मी गंभीर चेहरा करून म्हणालो, ब तुकडीला ते सांगायची परवानगी नाही. तिने मान डोलावली आणि गेली. तिला वाटतंय, मला माहीत आहे. मामा, तो सगळ्यात मोठा किरण कुठून येतो ते अजून जगात कोणालाच नक्की माहीत नाही, आणि हे तिला सांगायची मला लाज वाटली. गुरुवारी कळसाडीला या. मामींना बसच्या पायऱ्या झेपत नसतील तर मी गाडी करून आणतो. ब च्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तिचा प्रश्न तुमच्या अक्षरात लिहा. खाली सही मी करतो.