ताईने काढलेलं खुसपट

दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येत्या वीस तारखेला माझा शेवटचा तास. एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं, पण प्रत्येक पुस्तक वर्गात नेण्याआधी पत्रातून तुला मराठीत सांगितलं. तू एक गोष्ट धड मान्य केली असशील तर शपथ! तुझ्या भांडणानेच मी तास सुरू करतो. मुलांना वाटतं, सर फार हुशार.

शेवटच्या तासाला घेतोय त्या कादंबरीतला घड्याळजी लग्न ठरल्यावर परगावी कामाला जातो. वाग्दत्त वधूला दर आठवड्याला सुरेख पत्रं लिहितो, येतो म्हणतो, येत मात्र नाही. वाट पाहून ती मरते. मला शेवट थोर वाटतो. काढ आता खुसपट.

पेपर तपासून झाले की नक्की येतो. हसू नकोस, दर वर्षी म्हणतो, पण या वेळी खरंच.

तुझा,
मास्तर

दि. ११ मार्च

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

माझा हात थरथरतो, म्हणून ठमी लिहिते आहे. गोष्ट फार छान आहे. शेवटही आवडला. तास चांगला घे. काळजी करू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

दि. १५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईला गोष्ट आवडली? आणि तीही शेवटासकट? पुन्हा वाचलं आणि स्टाफरूममध्ये नुसता बसून राहिलो. तासाची घंटा झाली तरी उठवेना.

ठमे, खरं सांग. ताई कधी गेली?

मामा

दि. १८ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नऊ तारखेला सकाळी. तुमचा शेवटचा तास होईपर्यंत कळवायचं नाही, अशी शपथ तिनेच घातली होती. मला तिच्यासारखं भांडता येत नाही, मामा. चुकलं माझं.

तुमचं पत्र तिने दोनदा वाचून घेतलं. खुसपट काढलंच होतं, मीच लिहायला धजले नाही. म्हणाली, "एवढी पत्रं लिहिली मेल्याने. त्याला एकदा गाडीत बसायला काय झालं होतं?" मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

परवा तास यावरच सुरू करा. तिला आवडेल.

लोभ असावा, असं लिहीत नाही. या.

तुमची,
ठमी