बडी बहनजींची कवायत

१७ जुलै १९७१, शनिवार

आज पुन्हा कवायत! पाढे ऐन रंगात आले होते आणि शिट्टी वाजली. पाट्या खाली, पुढचीच्या खांद्यावर हात, तोंड बंद, जिन्याने वर. वरच्या वर्गात मोजणी. खाली. पुन्हा वर. तीनदा! बडी बहनजी – मधुमती माथुर, आमच्या कन्या पाठशाळेच्या मुख्याध्यापिका – जिन्याच्या तोंडाशी घड्याळ घेऊन उभ्या. म्हणतात, "साढ़े चार मिनट. आधी डूब गईं." सहा-सात वर्षांच्या मुलींसमोर! माझ्या पहिलीतली विनीता ढसाढसा रडायला लागली. मी तिला उचलून घेतलं तर मलाच ओरडल्या. "गोद में नहीं! पानी आएगा तब कितनों को गोद में लेंगी?"

साठ सालचा पूर सगळ्यांच्या तोंडी आहे, मान्य. पण त्याला अकरा वर्षं झाली. बांध झाले. शाळेच्या ह्या दालीगंज मोहल्ल्यात त्यानंतर घोट्याएवढंही पाणी आलेलं नाही. ह्या बाईच्या डोक्यातच पाणी शिरलंय.

२२ जुलै

नवं फर्मान. प्रत्येक मुलीच्या फ्रॉकला आतून कापडी पट्टी शिवायची – नाव, बापाचं नाव, मोहल्ला, काळ्या दोऱ्याने. शाळेत एकशे अठरा मुली. माझ्या वाट्याला सदतीस! मी म्हटलं, "मेरे को घर का काम भी रहता है." तर सगळ्या शिक्षिकांसमोर म्हणाल्या, "मेरे को नहीं, मुझे. छह साल हो गए आपको लखनऊ में." खुदखुद हसल्या सगळ्या. कानशिलं तापली माझी.

संध्याकाळभर शिवत बसले. एकेका टाक्याला एकेक शिवी घातली. मराठीत. ती तरी शुद्ध येते मला!

३१ जुलै

कवायत. तीन मिनिटं दहा सेकंद. बाईंचा चेहरा तसाच, एरंडेल प्यायल्यासारखा.

वर्गात जरा अंधारून आलं की मुली लिहायच्या थांबतात. विनीता तर माझा पदर धरते. तिची आई, धोबीण, शाळेत भांडायला आली. "लड़की सोते में चिल्लाती है, बहनजी." माथुरबाई तिला काय म्हणाल्या? "चिल्लाने दीजिए. चिल्लाएगी तो कोई सुनेगा."

दगड आहे ही बाई. दगड!

९ ऑगस्ट, सोमवार

पत्र टाकलं. हज़रतगंजच्या मोठ्या पोस्टात जाऊन – आलमबागेत, घराजवळ नको म्हणून. शाळेच्या समितीचे मंत्री, म्हणजे चिटणीस, जगदीशबाबू, त्यांच्या नावे. खाली सही नाही. मुलींना भेदरवून टाकलंय, अभ्यासाचे तास वाया जातात, वरच्या वर्गात न विचारता दोर, चणे, गूळ, कंदील, घागरी असा सगळा संसार भरून ठेवलाय. शेवटी एक वाक्य जास्तीचं घातलं – हे सामान बाईंच्या घरी जातं असं लोक बोलतात.

कोणी बोलत नाही. मीच लिहिलं.

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शांतपणे, "वसुधा, हे बरं नव्हे," एवढंच म्हणाले असते. आणि तेच मला नको होतं.

२१ ऑगस्ट, शनिवार

जिंकले! जगदीशबाबू स्वतः आले. पान चघळत सगळी शाळा फिरले. कवायत बंद. वरचं सामान हातगाडीवर घालून त्यांच्या अमीनाबादच्या गोदामात. नळापासून जिन्यापर्यंत भिंतीच्या कड्यांतून पावसाळाभर दोर ओवलेला असे, तोही काढून नेला. वरच्या वर्गाच्या दाराला समितीचं कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात.

बडी बहनजी ओसरीत उभ्या होत्या. हातगाडी गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "सितंबर तो अभी बाक़ी है."

मी पहिलीला बेरजा घातल्या. किती वर्षांनी इतक्या आनंदाने शिकवलं!

२४ ऑगस्ट

गणपती बसले. मोदकाचं पीठ चिकट झालं. हे सांगत होते, त्यांच्या औषध-संशोधनाच्या संस्थेत तळमजल्यावरचे ससे वर हलवायला घेतलेत. नदी काठाला लागली आहे म्हणे. मी म्हटलं, तुम्हीसुद्धा!

४ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस संततधार. माथुरबाई किल्ली मागायला अमीनाबादला गेल्या होत्या. सरोज – शाळेतली आया – सांगत होती, दुकानात दीड तास बसवून ठेवलं आणि "समिती की बैठक में देखेंगे" म्हणून परत पाठवलं. बरं झालं, म्हटलं. कळू दे.

९ सप्टेंबर, गुरुवार

आज घरी आले. जसं झालं तसं लिहिणार.

सोमवारी अकराच्या सुमाराला शाळेमागचा नाला उलटा वाहू लागला. आधी वास आला. मग अंगणात काळं पाणी – घोट्याएवढं, मग पोटरीएवढं. मी खिडकीशी नुसती बघत राहिले. मुली मात्र थांबल्या नाहीत! शिट्टी नाही, हुकूम नाही. पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या वर्गांतून निघाल्या. कोणी रडत नव्हतं. मी त्यांच्या मागून गेले. त्या माझ्या मागून नाही.

जिन्यावर रांग अडली. वर कुलूप!

बडी बहनजी तास वाजवायचा लोखंडी टोला सगळ्यांच्या डोक्यांवर उचलून धरत वर घुसल्या. ठण. ठण. खाली पाणी पहिल्या पायरीला, दुसऱ्या पायरीला. मी सगळ्यात खाली, माझ्यापुढे माझ्या मुली. मोजल्या – छत्तीस. पुन्हा मोजल्या. छत्तीस.

विनीता नळावर गेली होती.

ती दिसली. नळाचा खांब दोन्ही हातांनी धरून उभी, पाणी छातीपर्यंत. आमच्यात वीस पावलं. मी पाण्यात उतरले. भिंत चाचपडत चालले आणि हाताला कड्या लागत गेल्या. एक, दोन, तीन. रिकाम्या. विनीताचा एक हात सुटला, तो तिने भिंतीकडे टाकला. जिथे दोर असायचा तिथे. कवायतीत शिकवलं होतं ना – दोर धरायचा!

तेवढ्यात मागची भिंत पडली. लोंढा आला. मला ओसरीच्या खांबावर आपटून गेला. डोळे उघडले तेव्हा नळाशी कोणी नव्हतं.

वर कुलूप तुटल्याचा आवाज ऐकू आला.

तीन दिवस वरच्या वर्गात. मुली, मोहल्ल्यातली माणसं, दोन शेळ्या. खायला काही नाही. अंधार पडला की दिवा नाही. चणे कुठे आहेत ते मला माहीत होतं. तिथे का गेले, ते मला एकटीलाच माहीत होतं. बडी बहनजींनी प्रत्येक मुलीला काम लावून दिलं – तू पागोळीचं पाणी धर, तू ह्या बाळाला झोपव, तू दर तासाला पायऱ्या मोज, किती बुडाल्या. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रोना है तो मुँह उधर करके रोइए. बच्चियाँ देख रही हैं."

त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा राग आला. खरं तेच लिहिते.

सरोजने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. साठ सालीही बाई इथेच होत्या. पाणी चढतंय पाहून त्यांनी दुपारीच शाळा सोडली, मुली आपापल्या घरी सुखरूप राहतील म्हणून. चौघी घरी पोचल्याच नाहीत. "तब से घर नहीं भेजतीं. ऊपर भेजती हैं."

आज सकाळी नाव आली.

१० सप्टेंबर

विनीता आहे!! आहे!

नदीपलीकडे एका कॉलेजात छावणी आहे, तिथे. नावाड्यांनी पत्र्याच्या छपरावरून उचललं. हात मोडलाय. दोन दिवस नाव विचारलं तर बोलेना. कपडे बदलताना एका बाईला फ्रॉकच्या आत पट्टी दिसली. नाव, बापाचं नाव, मोहल्ला. तिचा बाप पट्टी घेऊन आला, मला दाखवायला. टाके माझे. तिरके, रागाने घातलेले.

"आपने सिया था न, बहनजी? भगवान आपका भला करे." माझ्या पायाला हात लावला त्याने. जमीन दुभंगती तर बरं, असं झालं.

१६ सप्टेंबर

ह्यांना पत्राचं सांगितलं. त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "आता?"

त्या "आता"चा मला इतका राग आला की ताट सोडून उठले.

२७ सप्टेंबर, सोमवार

शाळा भरली. भरली कसली – गुडघाभर चिखल. बडी बहनजींनी मजूर लावले नाहीत. मुलींच्या हातात खराटे दिले. मी म्हटलं, ह्या अजून घाबरलेल्या आहेत, थोडे दिवस जाऊ द्या. तर म्हणाल्या, "जिस चीज़ ने डराया है, उसी को झाड़ू से बाहर निकालेंगी. आप भी उठाइए." मनात म्हटलं, झालं सुरू पुन्हा!

पण दुपारपर्यंत मुली गाणी म्हणत होत्या. पाणी चढलं होतं तिथे भिंतीवर प्रत्येकीने आपल्या हाताचा चिखलाचा ठसा उमटवला.

विनीता आली, हात गळ्यात बांधलेला. नळाच्या बाजूला जाईना. बाईंनी तिला एक लोटा दिला, पाण्याने भरलेला, आणि म्हणाल्या, "फेंक दो." तिने फेकला. पुन्हा भरून दिला. पुन्हा फेकला. वीस-पंचवीस वेळा! शेवटचा लोटा तिने बाईंच्या अंगावर ओतला आणि फिस्सकन हसली. बाई नखशिखान्त भिजल्या. हसल्या नाहीत. पुन्हा भरून दिला.

मी हे सगळं खांबामागून पाहिलं.

४ ऑक्टोबर

समितीची बैठक शनिवारी. बडी बहनजींवर आरोप – समितीचं कुलूप तोडलं, एक विद्यार्थिनी वाहून गेली, हा निष्काळजीपणा. आणि पुरावा म्हणून "एका जागरूक नागरिकाचं पत्र".

जागरूक नागरिक!

९ ऑक्टोबर, शनिवार

जगदीशबाबूंनी पत्र मोठ्याने वाचलं. माझी हिंदी, माझ्या चुका – सगळ्यांनी ऐकल्या. सामान घरी नेतात ह्या वाक्यावर समितीतले म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. बडी बहनजी खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेल्या. पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेलेली पाहिली.

मी उठले. "ये चिट्ठी मैंने लिखी है."

"बैठ जाइए, मराठी बहनजी. आपसे किसी ने नहीं पूछा."

"नहीं बैठती! बच्चियाँ रोती थीं, ये सच है. चोरी वाली बात झूठ. मैंने जलन से लिखी. और रस्सी आपके गोदाम में है, मंत्रीजी. चने भी. चाबी आपकी जेब में थी. रस्सी होती तो लड़की का हाथ ख़ाली नहीं जाता."

जगदीशबाबू ओरडले – तुम्हाला घरी बसवीन. बसवा म्हटलं! मी आणखीही खूप बोलले. व्याकरण पार वाहून गेलं. दाराशी विनीताचा बाप आणि निम्मा मोहल्ला उभा होता. त्यांनी ऐकलं. तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता – ते नाही लिहीत.

बडी बहनजी बाहेर पडताना माझ्या अंगावरून गेल्या. थांबल्या नाहीत.

१३ ऑक्टोबर

त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले – मोहल्ल्याच्या भीतीने. मला निलंबनाचा कागद. आश्चर्य नाही.

१८ ऑक्टोबर

दिवाळी. एकच पणती लावली.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

दारात बडी बहनजी. दालीगंजपासून आलमबागपर्यंत रिक्षाने. आत या म्हटलं, आल्या नाहीत. चौकटीबाहेरूनच बोलल्या. "मैंने आपको माफ़ नहीं किया है, यह समझ लीजिए. नाले के उस पार वाली पाठशाला भी कवायद सीखना चाहती है. दो सौ बच्चियाँ हैं, मुझ अकेली से नहीं होगा. सोमवार, तीन बजे. पैसा कुछ नहीं मिलेगा."

चहालासुद्धा थांबल्या नाहीत. मी जाणार.