पाचही खिडक्यांत दुलया

प्रिय अफ्रा,

सगळ्यात आधी टपकली ती समोरची नोटबुर्गा, आणखी कोण! काखेत पाव आणि डोळे माझ्या वरच्या मजल्यावर. म्हणते, “क्रेसेंझ, पाचही खिडक्यांत दुलया? एवढे पाहुणे आले कधी गं?” मी म्हटलं, “तू घोरत होतीस तेव्हा.” तिचं तोंड बघायला तू हवी होतीस. तिच्या भाड्याच्या खोल्यांना आता आकड्यांचं कुलूप आहे. पाहुणा येतो कधी, जातो कधी, तिलाच पत्ता नसतो, आणि चालली माझे मोजायला!

खरं सांगू? पाहुणा एकही नव्हता. तुझा बाबा, माझा लोरेंझ, आला होता, त्याने ‘खोल्या मिळतील’ची पाटी काढून गाडीत टाकली. म्हणाला, “आई, लोकांना आता स्वतःचं स्वयंपाकघर हवं असतं, दारात म्हातारी नको असते.” सप्टेंबर संपेपर्यंत कुणी आलं नाही तर गवंडी येणार, वरच्या खोल्यांचे फ्लॅट होणार आणि मी खाली दरीतल्या वृद्धाश्रमात. तिथे म्हणे जेवण खोलीत आणून देतात. मी काय बाळंतीण आहे?

पाटी नेली, दुलया तर होत्या. आपल्या गावात पाहुणा ज्या खोलीत झोपला तिचीच दुलई सकाळी खिडकीत उन्हाला पडते. रिकाम्या खोलीची बाहेर टाकायची म्हणजे गावाशी सरळ खोटं. टाकल्या! पाचही, लाल चौकड्यांच्या, चांगल्या बडवून. गुडघा दुखतो, पण बडवताना मुळीच दुखला नाही. लोरेंझचं नाव घेऊन बडवल्या ना.

दुपारी हॉलंडचं एक जोडपं चढ चढून आलं, वाउटर आणि मारेके. मोडकंतोडकं बोलत विचारतात, “घर भरलेलं दिसतंय, पण एखादी खाट?” एवढी गर्दी म्हणजे घर चांगलंच असणार, असं वाटलं बिचाऱ्यांना. मी म्हटलं, “बघते हं, कुणाला सरकवता येतं का,” आणि आत जाऊन तोंडात एप्रन कोंबून हसले. एका रात्रीसाठी आलेली माणसं, आठवडाभर राहिली. न्याहारीला मारेकेने विचारलं, “बाकीचे पाहुणे कुठायत?” म्हटलं, “फार उशिरा उठतात.” दोन दिवस तिने मान डोलावली. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तर बाईसाहेब स्वतःच रिकाम्या खोल्यांच्या दुलया झटकून खिडकीत टाकतायत! वर नोटबुर्गाला हात करतेय. मग दोघी जिन्यात बसून इतक्या हसलो की वाउटर घाबरून खालून ओरडला.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात निकोलसच्या सणाला येशील तेव्हा कोपऱ्यातली तुझी खोली मागू नकोस, ती दिली. तू माझ्याजवळ झोप. आणि बाबाला तूच सांग, फोनवर तो माझं ऐकून घेत नाही: गवंडी आला तर कॉफी पाजून परत पाठवीन, वर माणसं उतरायची आहेत. वाउटर-मारेके तिच्या दोन्ही बहिणींना घेऊन येतायत, पाच डिसेंबरला, शुक्रवारी.

तुझीच, अजून आपल्याच घरात असलेली,
आजी