आजाच्या मोहरेले भोक

मद्रास, मार्गशीर्ष, सन १९१२

उदाराम, तुझ्या थोरल्या भावाचा आशीर्वाद घे.

मी इथं मजेत आहो. दोन्ही वेळ भात मिळते. मायले एवढंच वाचून दाखव. तिचे गुडघे कसे आहेत? शेतातल्या बोडीत धानापुरतं पाणी टिकलं काय?

आता पुढचं तू एकट्यानं वाच.

आमचा साहेब रोम नावाच्या देशातल्या बादशहांची जुनी नाणी जमवते. मखमलीच्या खणांतली ती नाणी पुसायचं काम माझं. परवा त्यानं एक नवी आणलेली सोन्याची मोहर समोर धरली, अन् माझे हात आपोआप जुळले. अरे, आजाले बोडी खोदताना सापडलेली मोहर आपण दिवाळीले पुजतो ना, तिच्यावरचंच तोंड! साहेबानं कारण विचारलं, मी सांगून बसलो.

तवापासून रजा बंद. "मोहर मिळाली की घरी जा," म्हणते. दरवान फाटकाबाहेर सोडत नाही. हे पत्र दूधवाल्याच्या हाती देऊन राहिलो.

मोहर न्यायले साहेबाचा माणूस आपल्या घरी येणार आहे. पण भोक पाडलेलं नाणं साहेब फुकटही घेत नाही, हे मी इथं पाहिलं. तो यायच्या आत अर्जुनीच्या सोनाराकडून मोहरेले भोक पाडून घे अन् मायच्या गळ्यात घाल. मोहर कामाची नाही हे कळलं, की मले अडवून ठेवायचं साहेबाले कारणच उरत नाही.

माय रडन. देवाले भोक कायले पाडता, म्हणन. तिले सांग, तुझा पतिराम त्याच भोकातून घरी येणार आहे.

तुझा दादा,
पतिराम