फोटोवाल्याने माझ्या रडण्याची जागा ठरवली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच, रागाने पाठ धरली आहे.) तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? भावजींचा खोकला गेला असेलच. इकडे सगळे ठणठणीत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझ्या भाचीच्या लग्नाचा फोटोग्राफर.

मला वाटायचं, आपण उभं राहायचं, त्याने बटण दाबायचं, संपलं. तर नाही! आधी म्हणे बसून ठरवावं लागतं. म्हणून ही, लेक आणि मी असे तिघं त्याच्या स्टुडिओत गेलो. खाली टायरचं दुकान, जिनाभर रबराचा वास, आणि वर भिंतीभिंतीवर हसणारी जोडपी. हा गृहस्थ आमच्या लेकीहून लहान, आणि डोक्यावर अंबाडा तुझ्या वहिनीच्या अंबाड्याहून मोठा. आल्या आल्या त्याने मला उजेडात उभं केलं, सुतारासारखा एक डोळा मिटून माझ्या टकलाकडे पाहिलं आणि पावडर लागेल असा निकाल दिला. मग हिला आणि मला सोफ्यावर बसवून म्हणाला, एकमेकांकडे बघा आणि सहज हसा. ताई, इतक्या वर्षांच्या संसारात ही माझ्याकडे बघून विनाकारण कधी हसलेली नाही. ती हसली, तशी मी शर्टाची बटणं तपासली. मी हसलो, तर ही म्हणते, "काय लपवताय?"

इथवर मी गिळलं. पण मग त्याने विचारलं, "काका, मुलगी गाडीत बसताना तुम्ही गाडीच्या कुठल्या बाजूला रडाल? तेव्हा ऊन मागून येईल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुनावलं, आमच्या घरात पुरुष रडत नाहीत, आणि रडलेच तर उन्हाला विचारून रडत नाहीत. तो थंडपणे म्हणाला, "सगळे बाबा असंच म्हणतात. एकदा करून बघू." एक खुर्ची म्हणजे गाडी ठरली. तिच्याजवळ लेक उभी राहिली. मला हुकूम, जवळ घ्या, हनुवटी डावीकडे, डोळे मिटू नका. मी घेतलं जवळ. तो पुढेही काहीबाही सांगत होता, मला ऐकू आलं नाही. शेवटी लेकच कानाशी म्हणाली, "बाबा, सोडा आता. तो केव्हाच थांबलाय."

मग मात्र मी त्याला फाडून खाल्लं. बापाच्या जिवाचा तमाशा मांडतोस का? पोटच्या पोरीला निरोप देणं म्हणजे काय नाटकाची तालीम आहे? लग्नात दिसलास तर कॅमेऱ्यासकट विहिरीत टाकीन! (जवळपास विहीर नाही, हे नंतर सुचलं.) ताडताड जिना उतरलो. टायरवाल्याने पंक्चर आहे का म्हणून विचारलं, त्याच्यावरही खेकसलो. बराच वेळ या दोघी खाली येईनात, म्हणून पुन्हा वर गेलो, तर दोघी कॉम्प्युटरसमोर, ही डोळे पुसतेय आणि पडद्यावर मी. न बघताच मागे फिरलो. घरी आल्यावर लेकीने जाहीर केलं, फोटोग्राफर हाच राहील. माझ्या शब्दाला या घरात किती वजन आहे ते तू जाणतेसच. तेव्हा लवकर ये आणि या पोरीला समजाव.

तुझा,
धुमसणारा भाऊ

ता. क. समजावू नकोस. पोरगा कामात चोख दिसतो.

आणखी एक. तो खुर्चीपाशी काढलेला फोटो त्याच्याकडून मागून घे. आत्या म्हणून माग, माझं नाव काढू नकोस. माझं तोंड कसंही आलेलं असो. त्यात मला "सोडा" म्हणणाऱ्या लेकीने पाठीमागून माझा शर्ट मुठीत गच्च धरलाय, एवढं मी न बघता पाहिलं आहे.